पेटीचे उपासक कै. गोविंदराव टेंबे

आमच्या शाळेच्या प्रार्थनागृहात एका कोपऱ्याला एक जुनी पायपेटी आहे. तिच्या डाव्या अंगाच्या दोन पट्ट्या बोलत नाहीत, आणि तिचा भाता इतक्या वेळा शिवला गेला आहे की, मूळचे कातडे कोणते व ठिगळ कोणते हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. तरीही रोज सकाळी तिच्यावर कोणी तरी विद्यार्थी बसतो, पाय हलवू लागतो, आणि दोनतीनशे मुलांचा आवाज एका सुरात येतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने आम्हांस विचारले की, पेटी वाजविणाऱ्याला जगात कधी कोणी मोठे म्हटले आहे काय? मोठेपणा सारा गाणाऱ्याचा. पेटीवाला बिचारा बाजूस बसतो, असे त्याचे म्हणणे होते. त्या मुलास आम्ही त्या वेळी जे थोडक्यात सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी झाला. त्या वेळी कोल्हापूर हे गाण्याचे मोठेच माहेरघर होऊ लागले होते. गायनप्रेमी मंडळींचा देवल क्लब १८८३ साली तेथे निघाला; आणि पुढे शाहूमहाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई आपल्या दरबारी आणून ठेवला. ज्या गावात असा गवई राहतो, त्या गावातील कान तयार झालेल्या मुलास वेगळी शाळा कशाला हवी? गोविंदरावांचे खरे शिक्षण अशा बैठकींतूनच झाले. पेटी शिकविणारे घराणे असे त्या काळी मुळी नव्हतेच. सतारीला घराणे होते, बीनाला होते, तबल्याला तर होतेच होते. परंतु पेटी हे परदेशातून आलेले वाद्य, त्याला कुळ ना मूळ. ज्याने त्याने आपल्या बोटांनी आपली वाट काढावी, असा प्रकार होता.

या वाद्याची थोडी हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. पॅरिस शहरात अलेक्झांद्र दबेँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियम या नावाने आपल्या वाद्याचा हक्क नोंदविला. मोठा ऑर्गन घेण्याची ऐपत नसलेल्या लहान देवालयांस ते फार सोयीचे पडले, आणि समुद्र ओलांडून येणाऱ्या मिशनरी मंडळींबरोबर अशी वाद्ये आपल्या देशात आली. खुर्चीवर बसून पायांनी भाता हलवावयाचा, ही त्यांची मूळची ठेवण. आपले लोक गातात ते जमिनीवर बैठक मारून. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचे पाय काढून टाकून भाता मागे हाताशी आणला, आणि हातपेटी जन्मास आली. मग ती देवळात गेली, कीर्तनात गेली, नाटकात गेली, आणि लालबाग-परळच्या गिरण्यांतून कामगार आले तेव्हा त्यांच्या चाळींतील भजनी मंडळांतही गेली. आमच्या प्रार्थनागृहातील पायपेटी आणि चाळीतील भजनाची पेटी या अशा सख्ख्या बहिणी आहेत.

परंतु या वाद्याच्या अंगी एक जन्मजात उणीव आहे, आणि तीच या चरित्रातील खरी अडचण आहे. पेटीच्या पोटात पितळेच्या जिभल्या असतात. वारा लागला की त्या कापतात व सूर निघतो. प्रत्येक जिभलीचा सूर कारखान्यातच कायमचा ठरून गेलेला असतो. एका सप्तकात बारा पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये जे आहे ते पेटीला ठाऊकच नाही. आणि आपले गाणे तर बहुतांशी त्या मधल्या जागेतच राहते! षड्जावरून गंधारावर जाताना गवई जी मींड घेतो, तोडीचा गंधार जितका खाली उतरवितो, दरबारीचा जसा झुलवितो, ते सारे पेटीच्या दृष्टीने अशक्य. शिवाय तिचे बारा सूर पाश्चात्त्य पद्धतीने समान अंतरावर बसविलेले असल्यामुळे तंबोऱ्याशी ते पुरते जुळत नाहीत, हे बारीक कानाच्या माणसास तत्काळ कळते. असे हे लंगडे वाद्य घेऊन ज्याने आयुष्याची पहिली निम्मी वाट चालली, त्याच्या पायांत बळ किती असावे!

गोविंदरावांच्या आयुष्यास वळण लागले ते भास्करबुवा बखले यांच्या सहवासाने. भास्करबुवा त्यांच्याहून बारा वर्षांनी वडील. फैजमहंमदखाँ, नथ्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन थोर गवयांची विद्या त्यांनी मिळविली होती, आणि बालगंधर्वांसारखा शिष्य त्यांनी तयार केला. गोविंदरावांनी त्यांना गुरुस्थानी मानले व त्यांच्या मागे पेटीची साथ केली.

साथ म्हणजे काय, हे ज्याने केली नाही त्यास सहसा उमगत नाही. आमचाच एक अनुभव सांगतो. पंचवीस वर्षांमागे, आम्ही नुकतेच पदवीधर झालो असता, लालबागेतील एका चाळीत भजनाच्या साथीला बसलो होतो. शाळेत गीतांच्या चाली वाजवून हात बरा बसला होता, आणि त्याचा थोडा ताठाही होता. बुवा वृद्ध होते. त्यांनी अभंग उचलला, आणि चाल ओळखीची निघाल्याने आम्ही त्यांच्या पुढे पुढे धावू लागलो. ते ज्या सुरावर जाणार तो आम्ही आधीच वाजवून मोकळे! दोन कडवी त्यांनी सोसले. तिसऱ्या वेळी एक शब्दही न बोलता त्यांनी हात लांब केला आणि आमच्या पेटीचा भाता मिटून टाकला. अभंग पेटीवाचूनच पुरा झाला. त्या रात्री चर्नी रोडला उतरून घरी येईपर्यंत आमचे कान तापलेले होते.

साथीदाराने गाणाऱ्याच्या मागे असावयाचे. परंतु किती मागे? एका श्वासाहून अधिक मागे राहिला तर तो गाण्यास ओढून धरतो, आणि बरोबरीने गेला तर गाणाऱ्याचा आवाज झाकतो. गवई दम घेण्यास थांबला की ती पोकळी भरावयाची, पण अशी की त्याचे पुढचे सुचणे मोडता कामा नये. भास्करबुवांसारखा गवई पुढच्या क्षणी कोठे वळेल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा साथीदारास त्याच्या बोलण्याच्या नव्हे तर विचार करण्याच्या सवयी माहीत असाव्या लागतात. गोविंदरावांनी ही विद्या कमावली. जेथे मींड निघत नाही तेथे शेजारच्या सुराचा अगदी हलका कण लावून, भात्याचा दाब क्षणात कमीजास्त करून, ते ऐकणाऱ्याच्या मनात मींडेचा भास उत्पन्न करीत. पुढे ते एकटे पेटी वाजवू लागले तेव्हा लोक निव्वळ पेटी ऐकण्यासाठी बैठकीस येऊन बसू लागले. साथीचे म्हणून ज्यास कोणी विचारीत नव्हते, त्या वाद्याला बैठकीत मधोमध जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अगदी पहिल्या रांगेतील आहे.

आता मुंबईकडे वळू. ग्रँट रोडच्या नाटकगृहांचा भाग, ज्यास लोक पिलाहाऊस म्हणत, तो त्या काळी मराठी, गुजराती, उर्दू अशा सर्व नाटकांचे केंद्र होता. येथील रिपन थिएटरात १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ प्रथम रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली असूनही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे, आणि त्या प्रयोगाची आठवण निघाली की बहुधा तीच सांगितली जाते. परंतु त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. नाटकातील पदांना चाली गोविंदरावांच्या होत्या.

तोवर मराठी संगीत नाटकात चाली देण्यासाठी असा निराळा माणूस नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ व पुढे ‘सौभद्र’ रचले, तेव्हा पदे त्यांची व चालीही त्यांनीच योजलेल्या. साकी, दिंडी, कीर्तनातील व कानडी चाली, लावण्या, असा तो घरगुती साठा होता. पदे आटोपशीर, गोष्ट पुढे नेणारी. देवलांच्या ‘शारदे’पर्यंत हाच मार्ग चालत आला. ‘मानापमाना’त प्रथमच नाटककार एक व संगीत योजणारा दुसरा, अशी वाटणी झाली, आणि हा दुसरा मनुष्य बैठकीच्या गाण्यात मुरलेला होता. त्याने उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा यांच्या चाली व ख्यालाच्या चिजा पुढे ठेवल्या, आणि त्यांवर खाडिलकरांनी शब्द बसविले. चाल आधी व पद मागून, असा तो क्रम. कवितेचा अभिमान धरणारास हे उलटे वाटेल. पण पेटीच्या साथीत वाढलेल्या माणसास दुसऱ्याच्या गळ्यात काय शोभेल हे आधी दिसते, आणि बालगंधर्वांचा गळा तर त्यांनी जवळून पाहिला होता. धैर्यधर हा दरिद्री पण शूर सेनापती. भामिनी ही श्रीमंताची गर्विष्ठ मुलगी. ती त्याचा अपमान करते, आणि मग वनमालेचे सोंग घेऊन त्याच्या छावणीत गेली असता स्वतःच त्याच्यावर लुब्ध होते. गर्वाने ताठलेले मन हळूहळू मऊ होत जावे, हे ठुमरीच्या अंगाने गायिले म्हणजे शब्दांनी सांगावयास फारसे उरत नाही. नुसत्या साकी-दिंडीने ते काम झाले असते असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक दोषही सांगितला पाहिजे. चालीत विस्ताराला जागा सापडली, तशी गाणारे नट ती भरू लागले. प्रेक्षक पुन्हा पुन्हा तेच पद मागू लागले, एकेका पदाला अर्धा अर्धा तास जाऊ लागला, आणि नाटक पहाटे संपू लागले. पुढे मराठी संगीत नाटक गाण्याच्या ओझ्याखाली वाकले असे जे म्हणतात, त्यात तथ्य आहे. याचा सारा बोल गोविंदरावांस लावणे अन्यायाचे होईल. परंतु दार त्यांनी उघडले हेही खरे.

‘मानापमाना’च्या चाली किती टिकाऊ होत्या याची साक्ष दहा वर्षांनी मिळाली. लोकमान्यांच्या नावाने उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्याच बालीवाला थिएटरात संयुक्त ‘मानापमान’ झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन गवई-नट एका रंगभूमीवर उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले, म्हणून तो प्रयोग लोकांच्या मनात अधिकच रुतून बसला. दोन नटांच्या जयजयकारात चाली देणाऱ्याचे नाव बुडून गेले असल्यास नवल नाही. चाल गळ्यात गेली की ती गाणाऱ्याची होते.

मधल्या काळात गोविंदरावांच्या संसारात पुष्कळ उलथापालथ झाली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व ते स्वतः अशा तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. तीत त्यांनी चाली दिल्या, भूमिका केल्या, आणि भागीदार म्हणून कारभाराची ओझीही वाहिली. हे फार दिवस चालले नाही. दोनतीन वर्षांतच ते बाहेर पडले. गंधर्व मंडळीचे पुढचे मोठे नाटक ‘स्वयंवर’ १९१६ साली आले, त्याच्या चाली खुद्द भास्करबुवांनी दिल्या. म्हणजे शिष्याने पाडलेल्या पायवाटेने गुरू चालत गेले. गोविंदरावांनी आपली शिवराज नाटक मंडळी काढली, तिच्यासाठी नाटकेही लिहिली. पण तीही दीर्घकाळ टिकली नाही. एका ठिकाणी पाय रोवून बसणे त्यांच्या स्वभावात नसावे असे त्यांच्या एकंदर आयुष्याकडे पाहून आमचे मत झाले आहे. बालगंधर्व कर्जात बुडाले तरी मंडळी सोडीत नव्हते. गोविंदराव मात्र एक डाव मोडला की दुसरा मांडीत. पहिल्याचे नाव घरोघरी गेले, दुसऱ्याचे तितके गेले नाही, याचे एक कारण येथेही असावे.

पन्नाशी ओलांडल्यावर मनुष्य बहुधा मागे वळून पाहू लागतो. गोविंदरावांनी त्या वयात एक नवाच धंदा पत्करला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला, आणि मुके चित्रपट करणाऱ्या कंपन्यांची धांदल उडाली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट काढला. तो १९३२ साली प्रकाशित झाला. त्यात हरिश्चंद्र गोविंदराव, तारामती दुर्गाबाई खोटे, आणि संगीतही गोविंदरावांचेच. तेव्हा आजच्यासारखे गाणे आधी मुद्रित करून नंतर ओठ हलविण्याची सोय नव्हती. नटाने यंत्रापुढे उभे राहून अभिनय करीत करीतच गावयाचे, वाजविणाऱ्यांनी चित्रात दिसणार नाही अशा आडोशास बसावयाचे, आणि एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. नाटकात पहाटेपर्यंत लांबणाऱ्या पदांना चाली देणाऱ्या माणसास येथे फितीच्या लांबीत बसेल तेवढेच गाणे करावे लागले. ते त्यांनी केले. त्याच साली ‘माया मच्छिंद्र’ व पुढच्या साली ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ या प्रभातच्या चित्रपटांनाही संगीत त्यांचेच होते. पुढे प्रभात पुण्यास गेली आणि तेथे केशवराव भोळे व मास्तर कृष्णराव यांनी ते काम नावारूपाला आणले. परंतु मराठी बोलपटाच्या पहिल्या गाण्यांची जोखीम ज्याने घेतली तो ‘मानापमाना’चाच पेटीवाला होता.

वार्धक्यात त्यांनी लेखणी हाती धरली. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले. आपण काय ऐकले, कोणाकडून काय घेतले, कोणत्या गवयाचे बळ कशात होते, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. गवई लोक बहुधा लिहीत नाहीत, आणि लिहिणारे बहुधा गात नाहीत. त्यामुळे त्या काळच्या बैठकींचे जे काही आज आपल्या हाती आहे, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. भाषा जरा जड वाटेल, पण दहाबारा पानांनंतर सवय होते.

याच सुमारास त्यांच्या वाद्यावर मोठा आघात झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांतून बंदी केली. पेटीचे सूर बांधीव आहेत, त्यांत श्रुती नाहीत, मींड नाही, तिच्या साथीने गाणाऱ्यांचे कान बिघडतात, असे आक्षेप घेण्यात आले. हे सारे आक्षेप खरेच आहेत. आम्ही वर तेच लिहिले आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्या पुरुषाचे मतही पेटीच्या विरुद्ध होते. तरीही या निकालात काही तरी राहून गेले असे आम्हांस वाटते. वाद्यात काय नाही याची मोजणी झाली. ते घेऊन एखादा मनुष्य काय करू शकतो, याची झाली नाही. ज्या घरी तंबोरा जुळवून देणारा कोणी नव्हता, सारंगी शिकण्यास बारा वर्षे देण्याची सवड नव्हती, त्या घरी पेटीनेच पहिला सा दाखविला. गिरणीतून सुटून आलेला कामगार रात्री दहा वाजता जे वाजवू शकतो, ते वाद्य सदोष म्हणून देशाच्या आवाजातून वगळावे काय? भजनी मंडळांनी, नाटक कंपन्यांनी आणि आमच्यासारख्या शाळांनी बंदीची वार्ता ऐकली असेल. पण पेटी कोणी अडगळीत टाकली नाही.

शेवटच्या वर्षांत गोविंदरावांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिले. खाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले होते. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला, आणि मग त्या बिघडलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी स्वतःच घडविली. अवघड राग, लयीत गुंतलेल्या ताना आणि आडवळणाच्या चालीची ती गायकी पुढे केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी मुंबईच्या बैठकींत गाजविली. उणिवेतून गाणे काढणाऱ्या त्या गवयाची हकीकत लिहिण्यास पेटी वाजविणाऱ्याहून अधिक योग्य मनुष्य कोण मिळाला असता? ते चरित्र १९५४ साली प्रसिद्ध झाले, आणि ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव वारले. त्या वेळी पेटीला रेडिओचे दार बंदच होते. ते किलकिले झाले ते १९७१ साली.

रिपन थिएटराचे पुढे आल्फ्रेड सिनेमागृह झाले. आमच्या ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला होता, त्यास आम्ही एका शनिवारी ग्रँट रोडला नेऊन ती जागा दाखविली. तो थोडा वेळ इमारतीकडे पाहत उभा राहिला, आणि मग त्याने विचारले की, त्या रात्री पेटी रंगभूमीच्या कोणत्या बाजूस ठेवली असेल.